बार्ट्येचा चेहरा

३ मार्च १६५३, हार्लेम. सकाळचे सात
जवसाच्या तेलात पांढरा रंग घोटत होतो. बार्ट्येची आई दुकानात आली. बार्ट्ये तापाने गेली त्याला आज एकेचाळीस दिवस — दोनदा मोजले. म्हणाली, “येल्मर, मेमध्ये माझा जावई झाला असतास. तू तिचं चित्र काढलं होतंस ना? एकदा तिचं तोंड बघू दे रे.” हो म्हणालो. ते डिसेंबरच्या बाजारातच विकलं गेलं, हे सांगायला जीभ रेटेना.

४ मार्च
वाउटर मालकांच्या विक्रीच्या वहीत सापडलं. गिऱ्हाईक: रोम्बाउट बेकरीवाला. नग: ‘मुलीचा चेहरा’. आमच्या दुकानातले चेहरे बिननावाचेच खपतात. कोण म्हणून कुणी विचारत नाही, भिंत शोभली की झालं.

७ मार्च
रोम्बाउटच्या बैठकीत एकवीस चित्रं! बार्ट्ये दोन गायींच्या मध्ये. परत मागितलं. तो हसला. काल-परवापर्यंत पिठात माखलेला माणूस, आता त्याच्याकडे नगरसभेतले लोक जेवायला येतात. त्यातल्या दोघांनी विचारलं म्हणे, ही कुठे मिळाली? म्हणून तर द्यायचं नाही. माझं तिच्याशी लग्न ठरलं होतं, हे बोललो नाही. बोललो असतो तर त्याने भाव वाढवला असता.

८ मार्च
मालक खूश, त्या दोघांची चौकशी त्यांच्याही कानावर आली. “चेहरा चालतोय. तसेच सहा काढ. सहावा तुझा.” डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आनंदाचं.

१५ मार्च
पहिला झाला. नाकावरचे उन्हाने पडलेले ठिपके मालकांनी बोटाने पुसले. “कुरणात कापड वाळवणारी पोर बैठकीत कोण टांगेल?” लेसची कॉलर घालायला लावली. घातली.

२२ मार्च
तिसरा ओला असतानाच विकला गेला. वाकडा दात नको म्हणाले, म्हणून तोंड मिटलं. ती झोपेतसुद्धा तोंड मिटायची नाही, असं तिची आई सांगायची.

२९ मार्च
पाचवा. हात आपोआप चालतो. मालक म्हणाले, आता तुझ्या कामाला सफाई आली.

२ एप्रिल
सहावा. माझा. यात ठिपके, दात, सगळं घालायचं. बसलो — आणि दात डावीकडचा की उजवीकडचा? आठवेना! रंगाच्या हातांनीच रोम्बाउटकडे पळालो. बार्ट्येच्या जागी मासळीच्या ताटाचं चित्र टांगलेलं. त्याने ती लायडन शहरातल्या कुणाला तरी विकली, दुप्पट भावाने. नावही विचारलं नाही म्हणाला.
परत आलो. हाताला जे येत होतं ते काढलं. देखणं झालं.

५ एप्रिल
चित्र तिच्या आईला नेऊन दिलं. तिने खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.
“फार गोड पोर आहे रे. आमच्या बार्ट्येचं कधी आणतोस?”