दोन क्रेडिटांची उर्दू

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तू, साजिदभाई आणि त्यांच्या अम्मी तिकडे नांदेडला ठीक असाल असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी वगैरे नाही. तू लग्न करून गेलीस तेव्हा आईनं मला तिच्या गळ्याची शपथ घातली होती की मी तुला फोन करणार नाही. बाबांचं बीपी वाढेल म्हणून. तीन वर्षं मी ती पाळली. परवा मेथी निवडता निवडता लक्षात आलं की त्या शपथेत पत्राचा उल्लेखच नव्हता. पत्ता सत्यभामानं दिला. तुझी मैत्रीण म्हणून ती शोभते. आधी अर्धा तास मलाच रागावली की इतके दिवस काय झोपली होतीस का.

बातम्या म्हणशील तर पाऊस झाला नाही ते तुला माहीतच आहे. नळाला कधी आठवड्यानं पाणी येतं, कधी दहा दिवसांनी. नव्या पाइपलाइनसाठी गल्ली उकरून ठेवलीय, त्यामुळे रिक्षा कोपऱ्यावर सोडते आणि आपण उड्या मारत घरी. गारखेड्याकडे जिथं आपण बोरं वेचायचो ना, तिथं आता सात मजली इमारत झाली. तिच्या फलकावर पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे. शेजारच्या आशाबाई तो फलक बघून म्हणतात, "लई पाणी हाय व्हय यांच्याकडं? मग आमच्या ड्रमात का नाय?"

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, बाबांच्याच कॉलेजात. म्हणजे ऑफिसात ते आणि प्रयोगशाळेत मी. नवीन शैक्षणिक धोरण आलंय, त्यामुळे नुसतं फिजिक्स शिकून पदवी मिळत नाही. मुख्य विषय, गौण विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा आणि वर एक 'ओपन इलेक्टिव्ह', जो दुसऱ्याच शाखेतला घ्यावा लागतो. सक्तीचा आहे. दोन क्रेडिटं. बाबांना ते परिपत्रक पाठ आहे. जेवताना आई भात वाढत असते आणि बाबा सांगत असतात, "सायन्सच्या विद्यार्थ्यानं सायन्सचा घेतला तर तो ग्राह्य धरला जाणार नाही." आई म्हणते, "बरं, आमटी घेता का?"

तर मला उर्दू आली. 'उर्दू परिचय', आठवड्यातून दोन तास. सगळे पर्यटन आणि शेअर बाजाराकडे पळाले, जागा भरल्या, उरली ती उर्दू. शिवाय तास दुपारचे आहेत, सकाळी पाणी आलं तर ते भरून जाता येतं. बाबांना मी हेच सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता घरात काय होतंय कोण जाणे. पण नियम म्हणजे नियम. "सक्तीचं असेल तर करावंच लागेल," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

आमच्या निकहत मॅडम गोड आहेत. त्या अक्षरं अशी शिकवतात: एकच होडी काढायची, खाली एक ठिपका दिला की बे, तीन दिले की पे, वर दोन दिले की ते. आपले तात्या आजोबा निजामाच्या तहसिलीत कारकून होते, उर्दूतच शिकलेले. ते पेपर वाचताना उजवीकडून बोट फिरवायचे ते आठवतं तुला? मला अगदी पुसट आठवतं. तुला जास्त आठवत असेल.

पाण्याच्या दिवशी तुझी फार आठवण येते, ताई. नळी गच्चीवर ओढताना खालून ओरडायला कुणी नसतं. आई अजून दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवते. एकदा मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "स्वरालीला डोक्यावरून पाणी लागतं." त्या बादल्यांनी आम्ही नंतर अंगण धुतलं.

उत्तर लिही. मात्र ते सत्यभामाच्या पत्त्यावर पाठव, आपल्याकडचं टपाल बाबाच घेतात.

तुझी,
स्वरदा

*

पुंडलिकनगर
२१ एप्रिल २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. 'उर्दूच का घेतलीस? बाबांना खिजवायला घेतली असशील तर सोडून दे. आई कशी आहे?' शाळेत निबंध लिहिताना पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारी तू, आणि मला तीन ओळी. तरी त्या मी उशीखाली ठेवल्यात.

आई बरी आहे. ईदच्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली. "पुडा संपवायचा होता," म्हणाली. पुडा नवा होता. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या, काही विचारलं नाही.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मागच्या पत्रात मी पाण्याचं आणि जागांचं कारण दिलं, ते खरं नव्हतं. पर्यटनाच्या जागा शिल्लक होत्या. उर्दू मी मागून घेतली, आणि कुणाला खिजवायला नाही. कधीतरी मी तुझ्या घरी येईन, तेव्हा दारावरची पाटी मला वाचता यावी म्हणून. भिंतीवर कॅलेंडर असेल, त्यावरचा महिना वाचता यावा म्हणून. तुझ्या घरात मी पाहुणीसारखी इकडेतिकडे बघत बसले तर ते मला सहन होणार नाही. हे बाबांना सांगायची हिंमत नव्हती. सक्तीचा विषय म्हटलं की आपल्या घरात सगळं खपतं, एवढं मला ठाऊक होतं.

पण तुला लिहायचं होतं ते वेगळंच आहे. कुठून सुरू करू कळत नाही, म्हणून क्रमानं सांगते.

मार्चमध्ये एकदा सकाळी पाणी आलं होतं. मी मोटर लावून पायरीवर बसले होते आणि ड्रम भरेपर्यंत अक्षरं गिरवत होते. बाबा मागे पेपर वाचत होते. अचानक म्हणाले, "काफची वरची रेघ अशी नसते. तिरपी ओढ. लांब ओढ." मी वळून पाहिलं तर त्यांचं तोंड पेपरातच. मी रेघ ओढली. "आणखी लांब," म्हणाले. मग उठून आले, माझ्या हातून पेन घेतलं आणि एक ओळ लिहून दाखवली. काय अक्षर आहे गं त्यांचं. मी बघतच राहिले. तिकडे ड्रम भरून पाणी अंगणात चाललं होतं आणि दुष्काळात पाणी सांडतंय म्हणून आशाबाई भिंतीवरून ओरडत होत्या, तरी आम्हा दोघांना ऐकू येईना.

तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. आईलाही नव्हतं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन. तात्यांनी त्यांना लहानपणी शिकवली होती. पुढे कामाला आली नाही म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तुझ्या लग्नानंतर तर सांगणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून रोज ऑफिसातून आले की हातपाय धुऊन म्हणतात, "आण, काय शिकवलंय आज?" ताई, किती तरी दिवसांनी आपल्या घरात संध्याकाळी माणसं एकमेकांशी बोलत होती.

मग अंतर्गत परीक्षा आली. निकहत मॅडमनी सांगितलं, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या माणसाला साधं पत्र लिहून आणा. मी वही घेऊन बाबांसमोर बसले.

"कुणाला लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"दूर राहणारं आपलं एकच माणूस आहे," मी म्हटलं.

त्यांनी पेपराची घडी घातली. परत उघडली, परत घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच. मग बाबा म्हणाले, "अंतर्गत मूल्यमापन सक्तीचं आहे. त्याशिवाय क्रेडिट मिळत नाहीत. लिही."

आणि त्यांनी स्वतःच्या वतीनं, तुला उद्देशून, उर्दूत सांगायला सुरुवात केली. अडखळले नाहीत. एकेक शब्द असा येत होता, जणू कुणी आत बसून वाचून दाखवतंय. अर्धे शब्द मला कळत नव्हते, नुसती ऐकून लिहीत होते. जिथं मी चुकले तिथं त्यांनी दुरुस्त केलं. शेवटी म्हणाले, खालची ओळ मी लिहितो. आणि सहीही त्यांनीच केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडमनी कागद वाचायला घेतला आणि त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "ये खत नै बेटा, दरखास्त है. तहसीलदार साब कू लिखते वैसी. बखिदमत, अर्ज है, गुजारिश है… बेटी कू कोई ऐसा लिखता क्या? किसने बोला तेरे कू?"

मी म्हटलं, वडिलांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली, आणि ते तहसिलीत कारकून होते.

मॅडम पुढं वाचत गेल्या. शेवटच्या ओळीपर्यंत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. कागद माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "नमुना गलत है, मार्क काटना पडेंगे. मगर इसमें एक हर्फ बदलना नक्को. पोस्ट में डाल दे."

आता बघ, काय झालं असेल. तात्यांना जी उर्दू येत होती ती कचेरीतली. लोकांचे अर्ज लिहून देणं हे त्यांचं काम, तीच वाक्यं त्यांनी मुलाकडून गिरवून घेतली. मायेचं पत्र कसं लिहायचं हे बाबांना त्या भाषेत कुणी शिकवलंच नाही. मराठीत येतं, पण मराठीत ते लिहिणार नाहीत, हे तू आणि मी दोघी जाणतो.

मी घरी येऊन त्यांना सांगितलं, बाबा, हा अर्जाचा नमुना झाला, पत्राचा नाही. मार्क गेले. मला वाटलं आता चिडतील, मार्क म्हणजे त्यांचा जीव. ते बूट काढत होते. वर न बघता म्हणाले, "चुकलं कुठं? अर्जच आहे तो."

मग म्हणाले, "पर्यटनाच्या जागा होत्या. यादी माझ्याच टेबलावर होती. विषय बदलायला आठवडा होता." आणि आत जाऊन हातपाय धुवायला लागले. मी तिथंच उभी राहून रडले. ताई, मी समजत होते की मी त्यांना फसवलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्यांनी माझा विषय तसाच राहू दिला.

तो कागद या पत्रासोबत ठेवला आहे. त्यात काय आहे ते मॅडमनी मला समजावून सांगितलं, पण मी इथं लिहीत नाही. मी बाबांना म्हटलंही, ताईला उर्दू वाचता येत नाही, मराठीत खाली अर्थ लिहू का? ते नको म्हणाले. "मग वाचणार कोण?" मी विचारलं.

"तिच्या सासूबाई वाचतील," बाबा म्हणाले.

तीन वर्षांत आपल्या घरात त्या माणसांसाठी नातं सांगणारा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. आईनं ते ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. थोड्या वेळानं बाबा परत बाहेर आले आणि माझ्या हातातला कागद मागून घेऊन एकदा वाचून पाहिला. म्हणाले, "त्यांना सांग, अक्षर जुनं आहे, सावकाश वाचा म्हणावं."

तेव्हा अम्मींना सांग, सावकाश वाचा. वाचतील तेव्हा त्यांच्याजवळ बस. अवघड शब्द आला तर थांबवून विचार, लाजू नकोस. शेवटच्या ओळीखाली सही आहे तिथं बाबांनी आपलं नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'फिदवी' लिहिलंय. अर्ज करणारा माणूस हुजुरांपुढं स्वतःला तसं म्हणवतो, आपला नम्र सेवक अशा अर्थानं. मुलीला लिहिलेल्या पत्राखाली कुठल्या बापानं अशी सही केली असेल असं मला वाटत नाही.

बाबा म्हणतात, अर्ज आला की मंजूर किंवा नामंजूर, काहीतरी शेरा द्यावाच लागतो. तुला यायला जमलं तर आधी कळव, नाही कळवलंस तरी चालेल. या वेळी उत्तर सत्यभामाकडे पाठवू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठव. टपाल बाबाच घेतात.

अर्जदारातर्फे,
तुझी स्वरदा