दसऱ्यानंतर लगेच येजो

पोर्ट ब्लेअर,
१२ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप माय,

प्रफुलचा दुरूनच दंडवत. बाबाचा खोकला कसा हाय? आमी इथं बरे हावो.

तू डिसेंबरात येणार होती, पण आता दसऱ्यानंतर लगेच ये. तवा इथला पाऊस कमी होते, अन् फिरायले येणाऱ्या लोकायची गर्दीही नसते. जहाजाचं तिकीट सहज भेटते. वर्ध्याहून मद्रासच्या गाडीत बसजो, तिथं मी घ्यायले येतो. आमच्या खोलीतूनच समुद्र दिसते.

मले माहीत हाय, तवाच कापसाचा पहिला वेचा राह्यते. सीतादही केल्याबिगर तू वावरातून हलत नाई. यंदाचा दहीभात नलूवहिनीच्या हातून वाहू दे. सीतामाय समजून घेईन.

रीता दोन घास खाते. दिवसभर खिडकीत बसून राह्यते. तिले माहेरी माय नाई, म्हणून तुहीच वाट पाह्यते.

सामान कमी घेजो. जवसाची चटणी आण. बाळासाठी शिवलेली गोधडी मात्र तिथंच राहू दे. आता तिचं काम नाई राह्यलं.

तुहा,
प्रफुल