दिलेल्या घरचं रक्त

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
शुक्रवार

तीर्थस्वरूप सौ. वसुमती अक्कास,

धाकट्या सदाशिवाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरला आहे, म्हणून तूर्त पाचच अंगांनी घातला; उरलेली तीन भेटीअंती). कोइमतूरची हवा तुला मानवत असेल, टाच दुखायची थांबली असेल, आणि भावोजी अजूनही गच्चीवरच्या कढीपत्त्याला मूल वाढवावं तसं वाढवत असतील. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम नाही.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. या घरात फोनवर बोलणं आणि बाजारात उभं राहून ओरडणं एकच. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं की सरोजा (माझीच बायको, पण कान साऱ्या गल्लीचे) भाजी चिरायची थांबते. शिवाय आप्पांनी पाठीत धपाटे घालून शिकवलेली ही देवनागरी घरात फक्त तुला आणि मला वाचता येते. आपला थोरला, अण्णा, तेव्हा धड्याच्या वेळी चिंचेवर चढून बसायचा, त्याचा आज असा उपयोग होतो आहे. पत्र त्याच्यासमोर ठेवून गेलो तरी धोका नाही.

तर अण्णाबद्दल. तुला 'पित्त झालंय' असं कळवलं होतं ते खोटं. त्याच्या हाडांतल्या मगजाने नवं रक्त बनवायचंच सोडून दिलं आहे. हिरड्यांतून रक्त येतं, जिना चढताना मध्येच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहतो (गेल्या वर्षीचं आहे), आणि तिरुच्चीला नेऊन परक्यांचं रक्त वरचेवर चढवावं लागतं. ते फार दिवस पुरणार नाही. कुणाच्या तरी मूळपेशी त्याच्याशी जुळल्या आणि त्या त्याच्या अंगात घातल्या, तर मगज पुन्हा कामाला लागेल. नाही जुळल्या तर काय, ते डॉक्टर बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

या डॉक्टर म्हणजे लक्ष्मीप्रिया. मला पहिल्यापासून त्यांचा संशय आहे. चेन्नईहून येतात, संशोधन करतात, आणि साखरेशिवाय कॉफी पितात. त्यांचं म्हणणं असं, की आपली चार घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच मुली देत-घेत आली, मामाच सासरा आणि आत्याच सासू, तेव्हा अशा गल्लीत दूरच्या नात्यातही पेशी जुळतात की काय, ते त्यांना तपासायचं आहे. त्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात आणि नळीत बंद करून नेतात. मी सरोजाला म्हटलं, माझी थुंकी चेन्नईला नेऊन या बाई दुसरा सदाशिव बनवतील. ती म्हणाली, एकाचंच होत नाहीं, दुसरा कोण पोसेल? ही डॉक्टरांच्या बाजूची का झाली, याचाही मला संशय आहे.

काड्या द्यायला कोणी बसायचं, हे मात्र घरातला वडील म्हणून अण्णाने ठरवलं. आणि कसं ठरवलं? गोत्रावरून! आपल्या गोत्राचे तेवढे ओट्यावर ओळीने बसवले. त्यांत माझी सून वाणी पहिली, कारण लग्नानंतर ती आपल्या गोत्राची झाली (सेलमची मुलगी, अण्णाशी रक्ताचा थेंबभर संबंध नाही). तिच्या शेजारी गणेशकुमार, ज्याला काकांनी कुंभकोणमहून दत्तक घेतला. डॉक्टर आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी समजावलं, की सर्वांत जास्त आशा सख्ख्या भावंडाची, भावंडं किती? अण्णाने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, हा एक. (इतक्या पडेल आवाजात, की माझा अपमानच झाला.) मी 'आणि अक्—' म्हणायला तोंड उघडलं, तो त्याने माझ्या पायावर पाय दिला. आजारी माणसाच्या अंगात एवढी ताकद कुठून आली देव जाणे.

माझं जुळलं नाही, अक्का. नाक अण्णाचं, टक्कल अण्णाचं, घोरणंही त्याचंच, आणि पेशी म्हणे वेगळ्या. काड्यांची अदलाबदल झाली असणार, असं मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आणि पुन्हा गाल पुढे केला. दुसऱ्या खेपेलाही नाहीच. ओळीतल्या बाकी कुणाचंही नाही; वाणी आणि गणेशकुमारचं तर अर्थातच नाही.

त्या संध्याकाळी मी अण्णाला धरलं. अक्काचं नाव का लपवलंस? तर उशीला टेकून म्हणाला, "दिलेल्या मुलीकडून घेतात काय रे? तिच्या घरीं मीं पाणी प्यालों नाहीं, आतां रक्त घेऊं?" तुला आठवतं ना, कोइमतूरला येताना तो पाण्याचा कूजा आणि कॉफीचा फ्लास्क इथून घेऊन यायचा आणि तुझ्या ओसरीवर बसून स्वतःचीच कॉफी पाहुण्यासारखी प्यायचा? भावाने द्यायचं, बहिणीकडून घ्यायचं नाही. या एका गोष्टीसाठी तो मरायला तयार आहे, आणि मला त्याचा राग येतो, आणि भीती वाटते. लहान होतो तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

तुझा,
सदाशिव

ता. क. : वरचा मजकूर तू वाचलास की चुलीत घाल. मुख्य गोष्ट अशी, की डॉक्टरांना तुझं नाव मी सांगून टाकलं आहे (त्यांनी कपाळाला हात लावला). तू थेट तिरुच्चीला उतर. अण्णाला पत्ता लागू द्यायचा नाही. जुळलं तर त्याला सांगू, की दाता गोत्रातलाच आहे. भावोजींना विचारायचं असेल तर विचार, पण त्यांनी 'नको' म्हटलं तर मला कळवू नकोस, सरळ निघून ये.

ता. क. दुसरा : डॉक्टरबाई तशा चांगल्या आहेत. साखर त्यांना सोसत नाही, एवढंच.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात अण्णा जिना चढून आला. कुणाला लिहितोस, विचारलंसुद्धा नाही. टेबलावर एक पुडकं ठेवलं. आत तिरुभुवनमचं रेशमी लुगडं, तांबडं, तुझ्या आवडीचं. धाप लागलेली, तरी म्हणाला, "हें तिला आधीं पाठव. मीं आधीं दिलें म्हणजे तें घेणें होत नाहीं." हे आणलं कधी, म्हणून विचारलं, तर म्हणे, "तुझ्या पहिल्या काडीच्या वेळींच. तुझें जुळेल याचा काय भरवसा?" साऱ्या गल्लीवर संशय घेतला मी, आणि याच्यावर घ्यायचा राहिला. पुडकं याच टपालाने येतं आहे. नेसूनच ये.