अर्धं शटर

४ जानेवारी

आज एका बाईने जीन्स माझ्या तोंडावर फेकून मारली! चेन गालाला लागली, रक्त आलं. मी ट्रायल रूमबाहेर उभी. ती इंग्रजीत काहीतरी विचारत होती आणि मी आपली मान डोलावत होते. नंतर कळलं, ती विचारत होती, 'बिनडोक आहेस का?' आणि मी हो हो करत होते!

साहेब – आमच्या शोरूमचे मॅनेजर – सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढे भारी ब्रँड विकतो आपण. ही तोंड उघडते आणि दुकानाची लाज जाते."

दारावरचे गार्ड, पैलवानकाका मात्र कापूस घेऊन आले. "पोरी, भाषेचं काय, शिकलं की येते. गाल जप."

संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. घालणारच होते. आता तर हट्टाने.

१९ जानेवारी

क्लासमध्ये सांगतात, घरी मोठ्यांदा वाचा. घर म्हणजे ताईची एक खोली. ताई वैतागलीय. "झोपेतसुद्धा इंग्रजीत भांडतेस!"

पण आज एका गिऱ्हाइकाला शर्टाचं कापड, माप, धुवायचं कसं – सगळं इंग्रजीत सांगितलं. अडखळले, घाम फुटला, पण सांगितलं! त्याने शर्ट घेतला. काकांनी दारातूनच मिशीवर ताव दिला. जणू त्यांनीच विकला.

३ फेब्रुवारी

रविवारी सेल. आधी येतील त्यांना जॅकेट निम्म्या किमतीत. साहेबांना दारात झुंबड हवीय. व्हिडिओ काढायचाय म्हणे.

५ फेब्रुवारी

 सगळं लिहून ठेवते.

सकाळपासून रस्ता भरलेला. लोक शटरवर लाथा मारत होते. काका म्हणाले, "साहेब, पूर्ण उघडा. मी रांगेने सोडतो." साहेब हसले. "नाही काका, कमरेइतकंच. रांगत येऊ देत की! मजा येईल." बटण त्यांनीच दाबलं. मोबाइल समोर धरून उभे राहिले.

पुढचे गुडघ्यांवर आले, मागचे त्यांच्या पाठीवर. एक बाई चेंगरत होती. तिला ओढायला काका वाकले, आणि आडवेच झाले. मग त्यांच्यावरून पाय. पाय, पाय, पाय! बूट, टाचा. कुणी खाली बघितलंसुद्धा नाही. दोघी जणी त्यांच्या छातीवर उभ्या राहून एका जॅकेटसाठी झोंबत होत्या – एक बाही हिच्या हातात, एक तिच्या.

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. कोण ऐकतंय! मग कपडे टांगायचा लोखंडी दांडा उपसला आणि हाणत सुटले. कुणाच्या पाठीत, कुणाच्या मनगटावर, बघितलं नाही. काहीतरी कडकन मोडलं. बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू! कुणीतरी माझ्या कानातलं ओढलं, पाळी फाटली.

काकांच्या तोंडातून रक्त येत होतं. साहेबांचा मोबाइल अजून वरच होता.

७ फेब्रुवारी

काका बेशुद्ध. बरगड्या फुफ्फुसात घुसल्यात.

काकू दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. म्हणाल्या, "बैलासारखा माणूस गं माझा. कापडापायी तुडवला!" मी त्यांच्याजवळ बाकावर बसले.

८ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली! हेड ऑफिसचे मोठे साहेब चौकशीला येणार. त्यांना फक्त इंग्रजी कळतं. "तू बोल. तुझं इंग्रजी छान सुधारलंय." एक वाक्य पाठ करायला दिलं – गार्डने परवानगीशिवाय शटर उघडलं. "एवढं म्हणालीस, की फ्लोअर इन्चार्ज तू. सगळ्या पोरी तुझ्या हाताखाली."

आणि नाही म्हणाले तर? "दांडा कुणी चालवला, ते कॅमेऱ्यात आहे."

ताई म्हणते, "बोलून टाक. काका काही ऐकायला येणार नाहीत." मी जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं. ताईने मुस्काटात मारली. मग दोघीही रडलो.

११ फेब्रुवारी

बोलले!

मोठे साहेब समोर, आमचे साहेब त्यांच्या शेजारी. पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार. आणि तोंडातून आलं ते भलतंच – मोडकंतोडकं, व्याकरणाची पार वाट लागलेलं. शटर यांनी उघडलं. काका नको म्हणत होते. हे हसत होते.

साहेब टेबलाला वळसा घालून आले, माझी मान धरली आणि डोकं काचेच्या कपाटावर आपटलं. मोठ्या साहेबांदेखत! मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. त्यांचं रक्त माझ्या तोंडात. तशीच पुढचं बोलले – व्हिडिओ यांच्या मोबाइलमध्ये आहे.

मोठ्या साहेबांनी हात पुढे केला. मोबाइल घेतला. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मोबाइल स्वतःच्या खिशात ठेवला.

माझ्या कपाळाला टाके. ठणकतंय. पण आज झोप लागेल.

१५ फेब्रुवारी

काका सकाळी गेले.

दुपारी मोठ्या साहेबांचा फोन. आमच्या साहेबांना काढलं. मॅनेजर आता मी! उद्या पेपरवाले येतील, त्यांना मी सांगायचं – गार्डला छातीचा जुना आजार होता, गर्दीशी संबंध नाही. सगळं इंग्रजीतच म्हणाले. एकही शब्द अडला नाही मला.

मी हो म्हणाले.