आठव्या माळेला सोडलेली पट्टी

माय, गेल्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताचं प्लास्टर काढलं. अंगणवाडीच्या ओट्यावरून पाय घसरला अन् मनगटाला तडा गेला, एवढंच. दीड महिन्यानं काढायचं ते मी दोन महिन्यांवर नेलं. आधी पोषण आहाराची तपासणी, मग लेकीची परीक्षा, मग नुसताच कंटाळा. जिंतूरच्या डॉक्टरीणबाईंनी मनगट हलवून पाहिलं तर ते जागचं हलेना. त्या म्हणाल्या, ताई, जास्त दिवस बांधून ठेवलं की सांधा धरतोच, हाड बसवणाऱ्याची यात काही चूक नसते. त्या सहज बोलून गेल्या अन् पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मात्र एसटी स्टँडच्या बाकावर जाऊन बसले, अन् आपल्या गावाच्या दोन गाड्या डोळ्यासमोरून जाऊ दिल्या.

तुझ्या हाताला गुण होता, हे आजूबाजूच्या चार गावांना माहीत होतं. उतरलेला खांदा, मुरगळलेला पाय, शेळीची मोडलेली तंगडी, सगळं तुझ्याकडं यायचं. आज्याकडून शिकलेली तू. डोळे मिटून बोटांनी हाड शोधायचीस अन् समोरच्याशी भलत्याच गोष्टी काढायचीस, तुमच्याकडं पाऊस किती झाला, सून नांदती का नीट, अन् तो उत्तर द्यायला तोंड उघडतोय तोवर हाड जागेवर बसलेलं असायचं. मग बांबूच्या कांब्या अन् जुन्या लुगड्याची पट्टी. पण माणसं बघ कशी असतात. बाबा गेल्यावर मोडका हात घेऊन यायला आपलं दार चालायचं, अन् शुभकामाला निघताना तूच वाटेत दिसलीस की तीच माणसं पाऊल मागं घ्यायची. हळदीकुंकवाचं बोलावणं आपलं घर सोडून पुढं जायचं. दसऱ्याच्या सकाळी तर तू आपणहून दार लोटून आत बसायचीस, कुणाला तकलीफ नको म्हणून. मला लय राग यायचा. दहा वर्षांच्या अंगात मावणार नाही एवढा राग.

अजूनही दुपारी डोळा लागता लागता ते रान दिसतं. पितृपंधरवडा चाललाय. तू अन् मी पऱ्हाटीतलं गवत काढायलोय. कापसाची पिवळी फुलं दुपारनंतर गुलाबी व्हायला लागलीत, अन् विजेच्या तारेखालच्या ओळीत एक पाखरू बसलंय, मातीच्या रंगाचं, मोठ्या डोक्याचं. मला वाटलं, काहीतरी साधंच असेल. मी हात पुढं केला तसा त्यानं एक पंख उघडला, अन् माझ्या डोळ्यापुढं निळंच निळं झालं. एवढा निळा रंग आपल्या रानात आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. दुसरा पंख लोंबत होता. तू हळूच म्हणालीस, नीळकंठ हाय, तारेला थडकला दिसतो, डोईचं फडकं टाक त्याच्यावर. घरी आणून तू त्याला मांडीवर घेतलंस. खराट्याची काडी सोलून तिची कांबी केलीस, माझ्या जुन्या परकराची बोटभर पट्टी फाडलीस, अन् डोळे मिटून तेच केलंस जे माणसांना करायचीस. फक्त पाखराशी पावसापाण्याचं बोलली नाहीस. मला म्हणालीस, ह्याचं हाड पोकळ असतं, फुंकणीसारखं, म्हणून जपून.

भाकरीच्या दुरडीखाली तो राहायचा. मी बांधावरून नाकतोडे धरून आणायची, तो मान वाकडी करून माझ्याकडं बघायचा अन् मग एकदम झडप घालून घ्यायचा. शाळा सुटल्यावर मी दुरडीजवळ पालथी पडून राहायची. दुरडीच्या भोकांतून उन्हाचे ठिपके आत जायचे, ते त्याच्या पाठीवर हलायचे, अन् कधी झोप लागली, कधी जागी झाले, काही कळायचं नाही. बांधलेला असल्यामुळं त्याची निळाई दिसायची नाही. ती आत आहे एवढं मला माहीत होतं.

मग चारठाण्याहून निरोप आला, मावशीचं बाळंतपण अवघडलंय. तू पिशवी भरलीस, मला शेजारच्या काकूच्या हवाली केलंस, अन् दारातून परत फिरून सांगितलंस, "पैल्या माळेला पट्टी सोड. रोज जरा जरा पंख हलव त्याचा. इसरू नको बाई, न्हाईतर सांधा धरंल." घट बसले की रोज एक माळ चढते, त्यातली पहिली माळ म्हणजे घट बसायचाच दिवस. मी हो म्हटलं.

मी विसरले नाही, माय. ते तरी कसं विसरेन? पण काकूनं दुरडी उचलून पाहिली अन् तिचे डोळेच विस्फारले. म्हणाली, दसऱ्याला नीळकंठ दिसणं शुभ, म्हणून आमी सकाळपासून तारा बघत हिंडतो, अन् तुमच्या तर घरातच बसलाय की गं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. पाण्याला जाताना बाया मला थांबवून विचारायच्या, दसऱ्यापर्यंत हाय ना गं तो? आमी येऊ सकाळी सकाळी. येऊ म्हणायच्या, आपल्या दारात, दसऱ्याला! पहिल्या माळेला मी पट्टीची गाठ हातात धरली अन् मनात आलं, सोडली अन् हा उडून गेला तर? मग कोण येणार आपल्याकडं? मी गाठ सोडली नाही. सैल वाटली म्हणून उलट आवळली. आठव्या माळेला तू परत येणार होतीस, त्या पहाटे सोडली. दुपारच्या गाडीनं तू आलीस, हातपाय धुवायच्या आधी पाखरू हातात घेतलंस अन् विचारलंस, कधी सोडली? मी म्हटलं, पैल्या माळेला. तू पंख धरून किती वेळ बसून होतीस. म्हणालीस, हाड तर झकास जुळलंय, मग उघडंना कसा? करडीचं तेल कोमट करून चोळत बसलीस, त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशीही.

दसऱ्याला बाया खरंच आल्या. नवी लुगडी, हातात झेंडूची फुलं, पोरंबाळं कडेवर. तू सवयीनं दाराआड उभी. काकूच म्हणाली, अगं ये की भायेर, तुझ्याच हातानं सोड. तू ओंजळीत त्याला घेऊन अंगणात आलीस, अन् त्या सगळ्यांनी आधी नीळकंठाकडं पाहिलं अन् मग तुझ्याकडं. दसऱ्याच्या सकाळी, सरळ तुझ्या तोंडाकडं. कुणी मान फिरवली नाही. तू हसलीस, माय, थोडीशी. ते तुझं हसणं मी कितीदा स्वप्नात पाहिलं असेल, त्यात ऊन असतं, झेंडूचा वास असतो, अन् स्वप्न तिथंच थांबावं असं मला झोपेतही वाटतं.

पण तू ओंजळ वर उडवलीस. एक पंख उघडला, निळाशार, अन् दुसरा उघडलाच नाही. एकाच बाजूनं निळा झालेला तो गरकन फिरला अन् रांगोळीत पडला. मग एक म्हातारी पोराला कडेवर घेत म्हणाली, "कुणाच्या हातात दिला गं बाई नीळकंठ." एकेक करून बाया गेल्या. तू रांगोळीतून त्याला उचललंस, फुंकर घालून पिसांवरची पूड झाडलीस अन् आत गेलीस.

दिवाळीआधी झरीकडचा एक माणूस लेकराचा कोपर निखळला म्हणून दारात आला. तू हात मागं घेतलास. म्हणालीस, "माझ्या हाताचा गुण गेलाय, दादा. दवाखान्यात न्या." मी चुलीपुढं बसले होते. एका वाक्याचं काम होतं, अन् ते माझ्या तोंडात होतं. तू मारशील याची भीती नव्हती, तू कधीच मारलं नाहीस. पण माझ्यामुळं म्हातारी तसं बोलली, हे तुला कळलं असतं. लेकरू रडत गेलं अन् त्यानंतर तू कुणाचं हाड बसवलं नाहीस. नीळकंठाला मात्र सोडलं नाहीस. सगळा हिवाळा रोज सकाळी तेल. संक्रांतीच्या सुमाराला तो गोठ्याच्या भिंतीवर चढायला लागला, मग एका दिवशी भिंतीवर नव्हता. मांजरीनं नेला की उडाला, काही कळलं नाही. तू म्हणालीस, गेला. तुझ्या तोंडून त्याचं नाव पुन्हा निघालं ते थेट शेवटच्या आजारात, मी तुझे पाय चेपत असताना. विचारलंस, त्या नीळकंठाचं मी कुठं चुकले गं?

मी म्हटलं, तू कुठंच चुकली नाहीस. खरंच बोलले होते. पण आजारी माणसाची समजूत काढावी तशा आवाजात बोलले, अन् तू तसंच ऐकलंस. माझा हात थोपटलास, मीच दमलेली असल्यासारखं. पुढचं वाक्य तेव्हाही राहिलं.

आता रोज सकाळी मी करडीचं तेल कोमट करून मनगटाला लावते, तुझ्यासारखं, अंगठ्यानं गोल गोल. थोडं वळायला लागलंय. काल अंगणवाडीतून येताना तारेवर एक बसला होता, मातीच्या रंगाचा. मी खाली उभी राहून वाट बघितली, तो उडाला, दोन्ही बाजूंनी निळा. ही चिठ्ठी कुठं टाकायची मला माहीत नाही, म्हणून ती तेलाच्या बाटलीखालीच घडी करून ठेवणार आहे. पट्टी मी आठव्या माळेला सोडली, माय. तुझ्या हाताचा गुण कधी गेलाच नव्हता.