अर्धी ओळ

फणसवाडी, गिरगाव

प्रिय ललिता,

पत्र बघून हसशील. "भावोजी, फोन करायचा की!" असंही म्हणशील. पण फोनवर हे जमलं नसतं.

तुझ्या ताईचं आहे तसंच आहे. पक्षाघाताला दीड वर्ष झालं. हात थोडा उचलते, शब्द मात्र नाही. भूक लागली हेही डोळ्यांनीच सांगते. चाळीत येणारे-जाणारे बहिऱ्याशी बोलावं तसे तिच्याशी ओरडून बोलतात. ती तोंड फिरवते.

माझं लिखाण तुला ठाऊकच आहे. लोणची टिकवा, मृत्युपत्र करा, गुडघे सांभाळा. जन्मभर माहितीच्या पुस्तिका लिहिल्या. आमचे प्रकाशक अण्णा गेले, आता त्यांचा नातू वरद दुकान बघतो. मागे मधुमेहावर लिहिलेलं घेऊन गेलो, तर म्हणाला, "नाना, तुम्ही म्हणजे किराणा दुकान. थोडं थोडं सगळंच. हे लोकांना मोबाइलवर फुकट मिळतं. तुम्हालाच ठाऊक आहे, असं काही आहे का?" फार लागलं. प्रार्थना समाजाजवळच्या त्या दुकानापासून घरापर्यंत डोक्यात तेच. काय ठाऊक होतं मला? शाळेतल्या कविता. त्यांना कोण विचारतो!

घरी येऊन उदासपणे चौथीतली नदीची कविता गुणगुणत बसलो. अर्ध्या ओळीवर खोकला आला, आणि उरलेली ओळ तुझ्या ताईने, माझ्या सरोजिनीने म्हटली. स्वच्छ. ललिता, मी रडलो गं.

वरदला हे सांगितलं आणि म्हणालो, पक्षाघातावर ग्रंथ लिहितो. तो म्हणाला, नको, एवढंच लिहा. मग एवढंच लिहिलं. वाचा गेलेल्या माणसाच्या समोर बसावं, लहानपणी पाठ झालेलं काही निम्मं म्हणावं आणि थांबावं. परळचा राजरत्न पुस्तिका वाचून भेटायला आला. त्याची आई जाईबाई कधी शाळेत गेली नाही, पण बुद्धवंदना त्याच्यामागून पुरी करते. इतकी वर्षं लिहिलं, पण घर शोधत वाचक आला तो हा पहिला.

एक मात्र पुस्तिकेत नाही. माझ्या शाळेच्या चालीत म्हटलं की तुझी ताई कपाळाला आठ्या घालते आणि गप्प बसते. तुम्हा बहिणींच्या शाळेतल्या बाईंचीच चाल हवी! लग्नानंतर हट्टाने तिने ती मला शिकवली होती, म्हणून निभावलं. मोबाइलवर माझाच आवाज भरून लावून पाहिला. ती त्या डबीकडे नुसती बघत राहिली. तिला समोर तोंड लागतं, हलणारे ओठ लागतात, आपल्यासाठी थांबलेलं माणूस लागतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तो खोकला साधा नव्हता. परळच्या डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली. सोमवारी स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. सरोजिनीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ती काय विचारणार, आणि कशाने? त्या चालीत अर्धी ओळ म्हणून थांबणारं आता तुझ्याशिवाय कोणी नाही. मुलाला सांग, थोडे दिवस नाशिक सोडते. रविवारच्या आत ये, म्हणजे एकदा आपण तिघं मिळून म्हणू.

तुझाच,
नाना