दुसरा तडाखा

रविवार, संध्याकाळ. तासगाव.

दर रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी एखादी इमारत निवडून तिचं चित्र काढतो. आठवडाभर शाळेत शिकवायला मला त्यातूनच बळ मिळतं. आज बेदाण्याची जुनी शेड निवडली होती. मालक काठी घेऊनच धावत आला.

"मोजमाप घेताय व्हय? वाटणीसाठी भावानं धाडलंय न्हवं तुमास्नी?"

"आवं दादा, नुसतं चित्र काढतोय," म्हणत आमच्यातल्या शैलानं वही पुढं केली. त्यानं ती फाडली आणि काठी तिच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

चित्र काढायला बसायचं लोखंडी स्टूल उचलून मी त्याच्या तोंडावर हाणलं. तो पडला. तरी पुन्हा हाणलं. पहिला तडाखा शैलासाठी होता. दुसरा? तेव्हा तर तो रक्तानं माखलेले हात जोडत होता. मग का मारलं मी? बरं वाटलं म्हणून?

दवाखान्यात हवालदार आले. शैला म्हणाली, "हिनं एकदाच मारलं, मला वाचवायला."

"दोनदा," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा तो पडल्यावर."

"येडी हायस का गं?" शैला पुटपुटली.

हवालदारांनी माझा जबाब लिहून कागद पुढं केला. मी सही केली.